"डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करायचं": हे ऐकल्यावर विद्यार्थ्याने काय करायचं?

परळची_सिस्टर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली आणि शेजारच्या मेडिकल कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची मुलं यांचा एकत्र वर्ग घ्यायचं ठरलंय. साठ विद्यार्थी, दोन तास. विषय आहे, उपचाराचा निर्णय पेशंटसोबत मिळून कसा घ्यायचा. व्याख्या आणि मुद्दे माझ्याकडे आहेत. ते फळ्यावर लिहून हा विषय शिकवला जाणार नाही याची मात्र मला खात्री आहे, म्हणून हा धागा.

विषय डोक्यात बसला तो एका प्रसंगामुळे (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). घाटावरून आलेल्या पन्नाशीच्या एक बाई. स्तनात गाठ, तपासणीत कॅन्सर निघालेला. फक्त गाठ काढायची, स्तन ठेवायचा, असं ठरून सही झाली होती. आदल्या संध्याकाळी माझी विद्यार्थिनी बीपी घ्यायला गेली, तर बाईंनी उशीखालून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं एसटीचं परतीचं आरक्षण काढून दाखवलं. "टाके निघाले की सुटले गं बाई. पेरणी तोंडावर आलीय, परत काय येणं व्हायचं नाही."

मुलीला ठाऊक होतं की नुसती गाठ काढली तर नंतर शेक (रेडिएशन) घ्यावा लागतो. आठवड्याचे पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. बाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मुलगी गप्प बसली. रात्रभर झोपली नाही. सकाळी ड्युटीवर आल्या आल्या माझ्याकडे रडत आली, "मॅडम, मी स्टुडंट आहे, मी कोण सांगणार?" तोवर बाईंना ऑपरेशनचा गाऊन चढवला होता. मी धावत जाऊन रेसिडेंट डॉक्टरांना गाठलं. मुलगा गुणी निघाला, त्याने नाव यादीतून खाली घेतलं आणि बाईंशी पुन्हा बोलला.

त्या मुलीने बोलावं आणि मेडिकलच्या मुलाने आधीच विचारावं, हे शिकवायचं कसं? अनुभव सांगा. पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, डॉक्टर-नर्स म्हणून, कसेही.

कांदाभजी | सोमवार, रात्री १०.०५

आमच्या घरी हॉटेलात गेल्यावर पनीर घ्यायचं की मशरूम यावर अर्धा तास खल होतो. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनचा निर्णय मात्र "तुम्ही म्हणाल तसं डॉक्टर" या वाक्यावर दीड मिनिटात झाला. ऑपरेशन छान झालं, तक्रार काहीच नाही. पण बाबा आता मांडी घालून पूजेला बसू शकत नाहीत, आणि हे आधी कळलं असतं तर चौरंग उंच करून घेतला असता असं ते अजून म्हणतात.

जुना_सर्जन | सोमवार, रात्री १०.३२

३८ वर्षं ऑपरेशनं केली, म्हणून थोडं विरोधात बोलतो. आपल्याकडचा पेशंट डॉक्टरकडे उत्तर घ्यायला येतो. "साहेब, तुमची आई असती तर काय केलं असतंत?" हा प्रश्न मला हजार वेळा तरी आला असेल. अशा माणसापुढे तीन पर्याय मांडून "आता तुम्ही ठरवा" म्हटलं, तर तो उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्याला वाटतं, याला स्वतःलाच कळत नाही. अपेंडिक्स फुटलेल्या पोरापुढे कसली चर्चा करायची? आधी मुलांना औषधशास्त्र आणि शस्त्रक्रिया नीट येऊ द्या. बोलणं अनुभवाने येतं.

निशाचर_इंटर्न | सोमवार, रात्री ११.५०

सर, आदरपूर्वक असहमत. अनुभवाने बोलणं येतं तसं न बोलणंही येतं.

आम्ही २०१९ ची बॅच, नवा अभ्यासक्रम लागू झालेली पहिली. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग पहिल्या वर्षापासून होता, आम्ही त्याला 'एटकॉम' म्हणायचो. वर्ग चांगले झाले, रोल-प्ले केले, वह्या भरल्या. मग ओपीडीत उभं राहिलो आणि तिथे जे दिसलं तेच शिकलो. बाहेर रांग जिन्यापर्यंत, पेशंट खुर्चीत टेकेपर्यंत अर्धं प्रिस्क्रिप्शन लिहून झालेलं. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं होतं, पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो. आमच्या ओपीडीत १८ सेकंद म्हणजे पुष्कळ झाले.

वेळ नाही हे खरं. पण कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या या विषयावरच्या २०१७ च्या आढाव्यात १०५ अभ्यास एकत्र केले होते. पर्याय समजावणारी पत्रकं किंवा चित्रफिती पेशंटला दिल्याने काय फरक पडतो, हे पाहायला. त्यांतल्या ज्या अभ्यासांत वेळ मोजला, तिथे भेट साधारण अडीच मिनिटांनी लांबली. ही अडीच मिनिटंसुद्धा आपल्याकडे नाहीत, मान्य. पण ती वॉर्डात आहेत. संध्याकाळी सहानंतर आहेत. तेव्हा तिथे नर्सिंगच्या मुली असतात आणि आम्ही कॅन्टीनमध्ये असतो.

लोकल_८_०७ | मंगळवार, सकाळी ८.२०

शेवटच्या वाक्यासाठी डब्यात उभ्याउभ्या टाळ्या. (एका हाताने. दुसरा हात कडीला.)

सुमन_डोंबिवली | मंगळवार, दुपारी २.१५

माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, शिवाय जाणं-येणं. पहिले चौदा महिने आम्हाला वाटायचं की डायलिसिस म्हणजे मशीनच. घरी पोटातून करायचा एक प्रकार असतो, दिवसातून तीन-चार वेळा पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काढायचं, हे आम्हाला एका सिस्टरने सांगितलं. तेही सुई लावता लावता, सहज बोलण्यात.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हो, आहे ना." रागाने नाही, अगदी साधेपणाने. आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही तो प्रकार नीट समजून घेतला. आमची खोली दहा बाय बारा. महिन्याचे पिशव्यांचे खोके ठेवायचे कुठे? जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून स्वच्छ कोपरा लागतो, घरात दोन नातवंडं. आम्ही नको म्हटलं आणि मशीनवरच राहिलो. मिस्टर त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं." उपचार तोच राहिला, त्यात काडीचा बदल झाला नाही. माणूस बदलला.

जुना_सर्जन | मंगळवार, दुपारी ३.०१

सुमनताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

वकिलीण | मंगळवार, सायं. ६.४५

कायद्याच्या बाजूने थोडं. विद्यार्थ्यांना 'संमती' म्हणजे 'सही' असं वाटतं, कारण वॉर्डात भाषा तशीच असते, "सही घेतली का?" वर्गात समीरा कोहली खटला जरूर सांगा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २००८ चा. बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला भुलीखाली गेल्या. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नाही, आणि जिवावर बेतलेलं नसताना, सज्ञान पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना आईची संमती चालत नाही.

मात्र पेशंटला किती सांगायचं याचं माप त्या निकालाने वैद्यकीय व्यवसायाच्या रूढ पद्धतीवर सोडलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात ते माप उलटं फिरवलं. त्यात बाईंना मधुमेह होता, बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के होता, आणि तो त्यांना सांगितला नव्हता. न्यायालय म्हणालं, त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायला हवं. 'त्या पेशंटच्या जागी' हे तीन शब्द फळ्यावर मोठे लिहा. ते महत्त्वाचं काय, हे विचारल्याशिवाय कळणारच नाही.

आणि हे सगळं खटल्याच्या भीतीने शिकवू नका ही विनंती. भीतीने शिकलेला डॉक्टर चार पानांचा फॉर्म छापून आणतो.

अक्षरवेळ | मंगळवार, रात्री ८.३०

या गोष्टीला मराठीत म्हणायचं काय? 'सामायिक निर्णयप्रक्रिया' ऐकलं की सातबारा आठवतो. 'सहनिर्णय' बरा आहे, पण पेशंटपुढे कुणी बोलणार नाही.

कांदाभजी | मंगळवार, रात्री ८.४१

बैठक! लग्नाच्या आधी होते तशी. दोन्हीकडची माणसं बसतात, देणं-घेणं, तारीख, कुणाला काय झेपतं ते बोलतात आणि मग याद्यांवर सह्या. आधी याद्या आणि मग बोलणी असं कुणी करत नाही.

अक्षरवेळ | मंगळवार, रात्री ८.५०

कांदाभजी, हे फार आवडलं. "आधी बोलणी, मग याद्या." साठ विद्यार्थ्यांपैकी एकही विसरणार नाही.

घाटावरचा | मंगळवार, रात्री ९.१२

बैठकीवरून मुद्दा निघालाच आहे तर एक सांगतो. बैठकीत मुलगी आतल्या खोलीत असते. दवाखान्यातही तेच. आईला घेऊन तीन ठिकाणी हिंडलो. डॉक्टरसमोर खुर्ची एकच, आणि तिच्यावर बसायचो मी. आई मागे पिशवी धरून उभी. डॉक्टर माझ्याशी बोलायचे, मी 'हो, हो' करायचो. चौथ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीणबाई उठल्या, स्टूल ओढून आईला त्यांच्या बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगा. दादा नंतर सांगतील." आईने मला कधीच न सांगितलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. एक तर ती गोळी घेतच नव्हती, कारण चक्कर येऊन ती गोठ्यात पडली होती. मला शिकवायचं असतं तर मी आधी खुर्ची कुठे ठेवायची ते शिकवलं असतं.

गुलमोहर_तिसरंवर्ष | मंगळवार, रात्री ११.२०

मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे (परळची नाही, दुसऱ्या कॉलेजची). पहिल्यांदाच लिहिते आहे.

मॅडम, तुमची मुलगी गप्प का बसली ते मला माहीत आहे. मी एकदा बोलले होते. एका आजोबांना पाय कापायचा आहे हे नीट कळलं नव्हतं, त्यांना वाटत होतं बोटं कापणार आहेत. मी राउंडमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, त्यांना समजलेलं नाही." सर म्हणाले, "तू तुझं काम कर." आजोबांना परत समजावलं गेलं, पण मला आठवडाभर कुणी हाक मारली नाही. त्यानंतर मी तीन-चार वेळा गप्प बसले आहे. खरं सांगते.

आम्हाला व्याख्यान नको. एक वाक्य शिकवा, जे आम्हाला बोलता येईल. आमच्या एका सिस्टरने नंतर मला शिकवलं, राउंडमध्ये न बोलता आधी एकटं गाठून म्हणायचं, "सर, १४ नंबरच्या आजोबांच्या मनात ऑपरेशनबद्दल काहीतरी राहिलंय, राउंडच्या आधी दोन मिनिटं त्यांच्याशी बोलाल का? मी थांबते." 'मी थांबते' हे महत्त्वाचं, असं त्या म्हणाल्या.

वकिलीण | बुधवार, सकाळी ९.०५

गुलमोहर, इथे लिहीत राहा. आणि "नर्स कोण सांगणारी?" असं कुणी विचारलं तर २०११ चा अरुणा शानबाग निकाल वाच. अरुणा या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स, हल्ल्यानंतर स्वतःसाठी बोलू न शकणाऱ्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न तिथे आला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण १९७३ पासून रात्रंदिवस सांभाळ त्यांनी केला होता. प्रसंग वेगळा आहे, इतक्या टोकाचा रोज येत नाही. पण पेशंटच्या उशाशी कोण असतं याला वजन आहे.

शेकवाली_डॉक्टर | बुधवार, दुपारी १.३०

मी रेडिएशनची डॉक्टर, म्हणून मूळ प्रसंगाबद्दल एक प्रश्न आणि एक दुरुस्ती.

स्तन ठेवून गाठ काढणं आणि नंतर शेक, की पूर्ण स्तन काढणं, यात आयुष्यमानाचा फरक पडत नाही. मिलानमधला ७०१ स्त्रियांचा आणि अमेरिकेतला १,८५१ स्त्रियांचा, असे दोन अभ्यास वीस वर्षं पाठपुरावा करून २००२ साली छापले गेले, दोन्हींचं उत्तर हेच. म्हणूनच हा निर्णय खऱ्या अर्थाने पेशंटचा आहे. जिथे शास्त्र दोन्ही पारडी सारखी दाखवतं, तिथे तिसरं वजन पेशंटच्या आयुष्याचं.

पण 'पूर्ण काढलं की शेकातून सुटका' असंही विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसू देऊ नका. गाठ मोठी असेल किंवा आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला असेल तर स्तन काढूनही शेक लागू शकतो, आणि ते पक्कं कळतं ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवरून. हे त्या बाईंना सांगितलं होतं का? आणि त्यांनी शेवटी काय निवडलं?

संख्याप्रेमी | बुधवार, दुपारी ३.४४

मी संख्याशास्त्र शिकवतो. आकडे सांगायला शिकवल्याशिवाय हा वर्ग अपुरा राहील. "धोका दुप्पट होतो" आणि "हजारात एकाऐवजी दोघांना होतं" ही एकच माहिती आहे, पण पहिल्या वाक्याने माणूस घाबरतो, दुसऱ्याने विचार करतो. टक्के नकोत, माणसं मोजा.

मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिने विचारलं होतं, पहिलं सिझर झालंय, आता नॉर्मल होऊ शकेल का? डॉक्टरांनी आधी "रिस्क आहे" एवढंच सांगितलं. तिथल्या एका सिस्टरने मात्र छान सांगितलं, "तुझ्यासारख्या दोनशे जणी कळांची वाट बघत थांबल्या, तर साधारण एकीचा जुना टाका आतून उसवतो. चार जणी असतील तर तिघींची नॉर्मल होते. उसवला तर लगेच ऑपरेशन लागतं, म्हणून ते चोवीस तास होतं अशाच ठिकाणी थांबायचं." मुलीने दोनशे बायका डोळ्यांपुढे आणल्या. म्हणाली, "लेडीज डब्यातली गर्दी झाली की ही." तिने काय ठरवलं ते तिचं, पण ते समजून ठरवलं.

जुना_सर्जन | बुधवार, रात्री १०.१५

दोन दिवस विचार करतोय. एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती लिहूनच टाकतो.

बरीच वर्षं झाली. थायरॉइडची गाठ घेऊन एक कोळीण आली. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता, गळ्यावर मोठी दिसायची एवढंच. मी रक्तस्रावाबद्दल बोललो, व्रण कुठे येईल ते आरशात दाखवलं, कॅल्शियमच्या गोळ्यांचं सांगितलं. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, बहुतेक वेळा परत येतो, क्वचित येत नाही. हे मी घाईत एका वाक्यात उरकलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर."

नसेला धक्का लागला. आवाज चार महिने बसला होता. तपासायला यायची तेव्हा पाटी घेऊनच यायची. एक दिवस खुणेने सांगितलं, आवाज नाही तर धंदा नाही, गिऱ्हाईक शेजारणीकडे वळतं. बाजारात बसणाऱ्या कोळणीचं अर्धं भांडवल तिचा गळा. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, काम काय करता? विचारलं असतं तर कदाचित मीच म्हणालो असतो, गाठ साधी आहे, लक्ष ठेवू, घाई नको.

आवाज परत आला. पण सोमवारी मी जे लिहिलं त्यातलं "बोलणं अनुभवाने येतं" हे वाक्य मागे घेतो. माझ्या त्या अनुभवाची किंमत तिने दिली. अपेंडिक्सबद्दलचं मात्र मागे घेत नाही. जीव जात असताना आधी जीव.

सुमन_डोंबिवली | बुधवार, रात्री १०.४०

डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत यात सगळं आलं. अपेंडिक्सचं मलाही पटतं.

फिजिओ_मालाड | गुरुवार, सकाळी ७.३०

बारीकशी भर. "समजलं का?" हा प्रश्न वर्गातून हद्दपार करा. त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. त्याऐवजी, "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" असं विचारलं की किती पोचलं ते लगेच दिसतं. परीक्षा पेशंटची नाही, आपल्या सांगण्याची.

आणि भाषा! मुंबईत एका वॉर्डात मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, भोजपुरी सगळं असतं. दुभाष्याचं काम मावशी करतात, ड्युटीत न लिहिलेलं. वर्गात त्यांनाही बोलवा.

परळची_सिस्टर | गुरुवार, रात्री ९.५५

मंडळी, रोज रात्री वाचते आहे.

शेकवाली डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पूर्ण काढूनही शेक लागू शकतो हे रेसिडेंटने सांगितलं, तपासण्यांवरून तशी शक्यता कमी वाटते हेही सांगितलं. समाजसेवा विभागाच्या ताईंनी दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागेसाठी प्रयत्न करू असंही सांगितलं. बाईंनी एक दिवस मागून घेतला, नवऱ्याशी फोनवर बोलल्या आणि पूर्ण स्तन काढायचं ठरवलं. "जागा मिळंल हो, पण सासूला लकवा झालाय, पाच आठवडे तिचं कोण करणार?"

माझ्या मुली नाराज झाल्या. त्यांना वाटलं, इतकं बोलूनही 'चुकीचं' ठरलं. मला वर्गात नेमकं इथेच अडायला होणार आहे.

निशाचर_इंटर्न | गुरुवार, रात्री १०.३०

मलाही टोचलं हे. तो निर्णय बाईंचा झाला की सासूच्या लकव्याचा? घरी दुसरं कुणी करणारं असतं तर त्यांनी हेच निवडलं असतं का? "पेशंटने ठरवलं" म्हणून आपण हात झटकतो असं तर होत नाही ना?

घाटावरचा | गुरुवार, रात्री १०.४८

भाऊ, आमच्या आयाबहिणी सासू-नवरा-पेरणी बाजूला काढून ठेवून ठरवत नाहीत. ते काढलं तर उरतं ते दुसऱ्याच कुणाचं आयुष्य.

शेकवाली_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ११.०५

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून हा प्रसंग वर्गात असाच, उत्तर न देता ठेवा. मी स्वतः त्यांना आणखी एक विचारलं असतं, "सासूबाईंची सोय झाली तर मन बदलेल का?" बदलेल म्हणाल्या तर सोयीसाठी धडपडायचं. नाही म्हणाल्या तर त्यांच्या बाजूने उभं राहायचं. पटलेला निर्णय आणि नाइलाज यांतला फरक एका प्रश्नाने पुष्कळदा कळतो.

पद्धत हवी असेल तर ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांची तीन टप्प्यांची मांडणी विद्यार्थ्यांना सोपी जाते. २०१२ साली आली, २०१७ साली त्यांनी ती सुधारली. आधी 'आपण मिळून ठरवू' हे बोलून दाखवायचं, मग पर्याय शेजारी शेजारी ठेवायचे, मग पेशंटला काय महत्त्वाचं ते धरून ठरवायचं. पहिला टप्पा आपल्याकडे सरसकट गाळला जातो आणि मग जुने सर्जन म्हणतात तसा पेशंट बावरतो. "पर्याय आहेत कारण दोन्ही चांगले आहेत, मला येत नाही म्हणून नाही", एवढं आधी सांगितलं की बावरत नाही. आणि "तुम्हीच सांगा" म्हणणाऱ्याला जरूर सांगायचं. फक्त त्याला विचारून मग.

गुलमोहर_तिसरंवर्ष | शुक्रवार, दुपारी ४.२०

रोल-प्लेमध्ये अदलाबदल करा ना मॅडम. मेडिकलच्या मुलांना नर्स करा. 'मी थांबते' हे वाक्य त्यांनी एकदा आमच्या जागेवरून म्हणून बघू दे.

परळची_सिस्टर | पाच आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.१०

धागा वर काढते आहे. वर्ग झाला.

व्याख्यान दहा मिनिटं, त्यात "आधी बोलणी, मग याद्या" होतं. कांदाभजी, मुलांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. संख्याप्रेमींच्या दोनशे बायका फळ्यावर ठिपके काढून मांडल्या आणि एकच ठिपका लाल केला. गुलमोहर म्हणाली तशी अदलाबदल केली. मेडिकलचा एक उंचापुरा मुलगा नर्स झाला आणि 'राउंडच्या आधी दोन मिनिटं' हे वाक्य म्हणताना तीनदा अडखळला. हसले सगळे, मग गप्प झाले.

पेशंट म्हणून आमच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या मावशींना बोलावलं होतं. त्यांना सांगितलेलं एवढंच: अंगावरून फार जातंय, वय पंचेचाळीस, पर्याय तीन. गोळ्या, गर्भाच्या पिशवीत बसवायचं पाचेक वर्षं चालणारं हार्मोनचं साधन, किंवा पिशवी काढणं. बाकी मनाने बोला म्हटलं.

'डॉक्टर' मुलाने तिन्ही पर्याय छान सांगितले, आकडे बरोबर. मावशी ऐकून घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करायचं. काढूनच टाका, कटकट नको." मुलगा थांबला. कागद बाजूला ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली. "सांगतो मावशी. त्याआधी मला सांगा, तुमचा दिवस कसा सुरू होतो?"

मावशी ठरल्याबाहेरचं बोलल्या. "पहाटे साडेचारला पाणी येतं. खालून भरून तिसऱ्या मजल्यावर नेते, आठ हंडे."

मुलाने बाजूला उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनीकडे पाहिलं. तीच ती, रडत आलेली. ती पुढे होऊन म्हणाली, "मावशी, पिशवी काढली तर सहाएक आठवडे जड उचलायचं नाही. तेवढे दिवस पाणी कोण भरेल?"

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "मॅडम, माझी खरंच काढली होती हो, सतरा वर्षांपूर्वी. आठव्या दिवशी हंडा उचलला मी. हे कुणी विचारलंच नव्हतं."

मुलांनी त्यांना चहा आणून दिला. दोन तासांचा वर्ग तीन तास चालला. पुढची तुकडी जूनमध्ये आहे.

जुना_सर्जन | शनिवार, रात्री ९.३०

जूनच्या वर्गाला पेशंट म्हणून मी येऊ का? नाटक करावं लागणार नाही. माझ्या प्रोस्टेटचं गोळ्यांवर ठेवायचं की ऑपरेशन करायचं ते खरोखरच ठरायचंय, आणि डॉक्टरमित्र मला पर्याय न सांगता तारीखच सांगतोय.

परळची_सिस्टर | शनिवार, रात्री ९.३४

या सर. येताना वहिनींनाही घेऊन या, दोन खुर्च्या ठेवते.